शुक्राणू वळूचा की माणसाचा? आधी डोकं बघा

फोंड्याला प्रॅक्टिकलला मुलं शुक्राणूंच्या शेपट्याच बघत बसतात. खरी ओळख डोक्यात आहे. दोन्ही स्लाइड मायक्रोस्कोपच्या 40 पट मोठं दाखवणाऱ्या ऑब्जेक्टिव्ह भिंगाखालीच लावा. माणसाचं डोकं लंबगोल, जेमतेम 4-5 मायक्रॉन. वळूचं वल्ह्यासारखं पसरट, जवळजवळ दुप्पट. उंदराचं तर आकड्यासारखं वाकडं, तिथे चूक होतच नाही.

रंग न दिलेल्या थेंबात काही दिसेना तर उजेड वाढवू नका, कंडेन्सरचा (स्लाइडखालच्या भिंगाचा) डायफ्रॅम, म्हणजे उजेडाची झडप, थोडा मिटा. कडा उठून दिसतात. वळूच्या गोठवलेल्या वीर्याची स्ट्रॉ (बारीक नळी) 37 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 30 सेकंद धरा आणि काचपट्टीही कोमट ठेवा. गार काचेवर शुक्राणू मंदावतात, अन् मुलं त्यांना मेलेले समजतात. माणसाची मात्र तयार, रंगवलेली स्लाइडच घ्या. ताज्या नमुन्यातून संसर्गाचा धोका असतो.