शोधपेटीच्या सूचनांमधून कीवर्ड काढताना या चुका टाळा

ऑनलाइन दुकानाच्या शोधपेटीत दोन-तीन अक्षरे टाइप केली की खाली सूचनांची यादी उघडते. ग्राहक कोणते शब्द, म्हणजे कीवर्ड, वापरून शोधतात याचा अंदाज तिच्यावरून घेता येतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क टॅब उघडा ठेवून टाइप करत गेल्यास सर्व्हरच्या कोणत्या पत्त्यावर (यूआरएलवर) विनंती जाते आणि जेसन या प्रोग्रामना वाचता येणाऱ्या मजकुरी स्वरूपात काय परत येते, तेही दिसते. इथपर्यंतचे काम सोपे आहे. पुढच्या चुका मात्र क्वचितच एरर दाखवतात. यादी हाती येते, ठीकठाक दिसते, आणि ती आपण न विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर आहे हे फार उशिरा ध्यानात येते.

सर्वांत कमी लक्षात येणारी चूक शब्दानंतरच्या स्पेसची आहे. नुसते ‘पेन’ पाठवले, तर शब्द अजून अपुरा असू शकतो असे धरून ‘पेन्सिल’, ‘पेनड्राइव्ह’ यांसारख्या सूचनाही येऊ शकतात. ‘पेन’नंतर स्पेस देऊन पाठवले, तर अनेक यंत्रणा शब्द संपला असे मानतात आणि ‘पेन स्टँड’, ‘पेन रिफिल’ यांकडे वळतात. या दोन याद्या वेगळ्या मागवायला हव्यात. मी एकदा तशा मागवल्या, दोन्ही तंतोतंत सारख्या निघाल्या आणि हे दुकान स्पेसकडे लक्षच देत नाही, असे मी खुशाल नोंदवून ठेवले. प्रत्यक्षात विनंत्या आपोआप पाठवणाऱ्या माझ्याच स्क्रिप्टमधले एक फंक्शन प्रत्येक शब्द ट्रिम करून, म्हणजे कडेच्या स्पेस कापून, पाठवत होते. म्हणून कोडमध्ये काय लिहिले आहे यावर न थांबता प्रत्यक्ष बाहेर गेलेला पत्ता पाहावा. शब्दाच्या शेवटी स्पेसऐवजी येणारे अधिकचे चिन्ह किंवा %२० नसेल, तर स्पेस वाटेतच गळली आहे.

पत्ता पाहतानाच त्याची लांबीही मोजावी. ‘पेन’ हा दोन अक्षरी दिसणारा शब्द यूनिकोडमध्ये तीन चिन्हांचा, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ९ बाइटचा आणि एन्कोड झाल्यावर (प्रत्येक बाइट % आणि दोन अक्षरांत लिहिला गेल्यावर) पत्त्यात २७ अक्षरांचा होतो. त्याच जागी ४५ अक्षरे आणि जिथे तिथे %२५ (खुद्द % चे एन्कोड केलेले रूप) दिसत असेल, तर आपण हाताने एन्कोड केलेला शब्द लायब्ररीने पुन्हा एकदा एन्कोड केला आहे. असा शब्द कोणताही ग्राहक शोधत नाही, त्यामुळे उत्तरात रिकामी यादी येते आणि ‘या शब्दाला मागणीच नाही’ असा गैरसमज होतो.

मूळ शब्दाला वर्णमालेतील एकेक अक्षर जोडून अधिक सूचना मिळवण्याची पद्धत रूढ आहे, पण ती इंग्रजीवरून जशीच्या तशी उचलता येत नाही. स्पेसनंतर स्वर आणि व्यंजने पुरतात. शब्दाला लागूनच पुढे जायचे असेल, तर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हेही धरावे लागतात. ‘पेन’ला नुसते क, ख, ग जोडत गेल्यास ‘पेन्सिल’ त्या वाटेने सापडणार नाही, कारण ‘न’नंतरचे चिन्ह हलन्त आहे. शिवाय इंग्रजीतसुद्धा एका अक्षराच्या २६ विनंत्या दोन अक्षरांना ६७६ आणि तीन अक्षरांना १७,५७६ होतात. एवढी आंधळी पेरणी करू नये. ज्या शब्दाची यादी कमाल मर्यादेपर्यंत भरून आली, त्याच शब्दाला पुढे फाटे फोडावेत. मर्यादा दहाची असताना चारच सूचना आल्या असतील, तर तिथे सहसा आणखी काही दडलेले नसते.

विनंत्यांचा वेग वाढला की सर्व्हरकडून ४२९, म्हणजे ‘विनंत्या फार झाल्या’, हा संकेतांक येतो. सोबत किती वेळाने पुन्हा विचारावे हे सांगणारा ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर असल्यास तेवढा वेळ थांबावे. लगेच पुन्हा धडका मारल्यास अडथळा वाढतो. याहून फसवा प्रकार म्हणजे सारे ठीक असल्याचा संकेतांक २०० येतो, पण आत जेसनऐवजी कॅप्चाचे (विचारणारा माणूस आहे का हे तपासणारे) एचटीएमएल पान असते आणि ते वाचता न आल्याने स्क्रिप्ट निमूटपणे शून्य सूचना नोंदवते. म्हणून उत्तराचा कंटेंट-टाइप (ते कोणत्या स्वरूपात आहे हे सांगणारा हेडर) तपासावा आणि ‘रिकामी यादी’ व ‘न वाचता आलेले उत्तर’ यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. दुकानाच्या वापराच्या अटी आणि स्वयंचलित प्रोग्रामनी कुठे जाऊ नये हे सांगणारी रोबोट्स फाइल आधी वाचावी, हे वेगळे सांगायला नको.

शॉपिफाय या ऑनलाइन दुकाने उभारण्याच्या सेवेवरील दुकानांमध्ये प्रेडिक्टिव्ह सर्चच्या, म्हणजे टाइप करतानाच सूचना देणाऱ्या शोधाच्या, उत्तरात शोधशब्दांबरोबर उत्पादने, कलेक्शन आणि पानेही येऊ शकतात. प्रकार न पाहता सगळी नावे एका रकान्यात ओतली, तर विक्रेत्याने ठेवलेली लांबलचक शीर्षके ग्राहकांचे शब्द म्हणून मिरवू लागतात.

मराठी सूचनांमधील दुहेरी नोंदी काढताना आणखी एक पेच पडतो. ‘पायऱ्या’ या शब्दातील अर्धा र ‘ऱ’ला हलन्त जोडूनही लिहिता येतो आणि साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन शब्द वाटतात, आणि एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारे यूनिकोडचे नेहमीचे एनएफसी सामान्यीकरण केले तरी ते एक होत नाहीत. त्यासाठी बदलाचा नियम स्वतःच लिहावा लागतो. यादी एक्सेलमध्ये उघडताना अक्षरांचा चिखल झाला, तर माहिती बिघडली असे समजू नये. सीएसव्ही फाइल बीओएमसह (एन्कोडिंग ओळखायला मदत करणाऱ्या सुरुवातीच्या अदृश्य चिन्हासह) यूटीएफ-८ मध्ये जतन केली की बहुधा काम भागते.

लॉगिन केलेल्या ब्राउझरमध्ये आपलेच जुने शोध यादीत मिसळतात, आणि निवडलेला विभाग, भाषा किंवा दुकानाचा देश बदलला की सूचनाही बदलू शकतात. म्हणून चाचणी खासगी विंडोमध्ये करावी आणि प्रत्येक सूचनेसोबत पाठवलेला नेमका शब्द (स्पेससह), विभाग, भाषा, देश, तारीख आणि यादीतील क्रमांक जपावा. तो क्रमांक म्हणजे शोधांची संख्या नव्हे. ‘पेन’च्या यादीत तिसरी आलेली सूचना ‘वही’च्या यादीत पहिल्या आलेल्या सूचनेपेक्षा कितीतरी अधिक शोधली जात असू शकते. तुलना करायचीच असेल, तर एकाच शब्दाच्या दोन वेगळ्या तारखांच्या याद्या शेजारी ठेवून करावी.