जुन्या चर्चचा फोटो वाचता यावा म्हणून

चर्चचा फोटो काढायचा म्हटलं की बहुतेक जण रस्त्यात उभे राहतात, वाइड लेन्स लावतात आणि सगळं एका चौकटीत कोंबतात. भिंती आत झुकतात, वर क्रूस, खाली उभ्या केलेल्या स्कूटर. झाला फोटो. मी ठाण्यात लग्नांचे फोटो काढते. चर्चमधली लग्नंही त्यात आली, त्यामुळे देखण्या फोटोंचं कौतुक मला कुणी शिकवायला नको. पण चर्चचा इतिहास शोधायला निघालात, तर फोटो देखणा नसला तरी चालेल. दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला तो वाचता आला म्हणजे झालं.

सुरुवात लांबून कशाला, ठाण्यातूनच करा. तलावपाळीच्या एका अंगाला कौपिनेश्वर मंदिर आणि दुसऱ्या अंगाला सेंट जॉन द बॅप्टिस्ट, पोर्तुगीज परंपरेतलं कॅथलिक चर्च. टेंभी नाक्याच्या बाजूला सेंट जेम्स, इंग्रजांचं, अँग्लिकन. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ साली इकडे आले होते, तेव्हा त्यांनी त्याचा अभिषेक केला. पुढच्याच वर्षी ते तिरुचिरापल्लीला वारले. एकाच सकाळी दोन्ही चर्च बघा. दोन राजवटींची देवघरं किती वेगळी, हे त्याशिवाय ध्यानात येत नाही. जवळच जेल आहे, म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. तिकडे कॅमेरा वळवू नका. पहारेकरी हटकतील, आणि त्यांचं बरोबरच आहे.

निघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर तीन सालं लिहा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगिजांना दिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला जिंकला. दगडावर साल दिसलं की ते या तिघांपैकी कुणाच्या काळात बसतं ते आधी बघा. १७३७ ते १७७४ मधली कबर सापडली तर तिथे जास्त वेळ द्या. त्या काळात युरोपी पाद्री निघून गेले होते, पण गावातले ख्रिस्ती जागचे हलले नाहीत; त्यांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, एतद्देशीय पाद्र्यांनी चालू ठेवली. आणि ठाण्यात ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांबरोबरच आला असं कुणी ठासून सांगितलं, तर १३२१ साल पुढे करा. त्या वर्षी फ्रान्सिस्कन या कॅथलिक साधुसंघाचे चौघे इथे मारले गेले. ते उतरले होते ते ठाण्यातल्याच एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथातल्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे.

रविवारी सकाळी जाऊ नका. लोक प्रार्थनेला आलेले असतात, तुमच्या फोटोत यायला नव्हे. आठवड्यातल्या साध्या दिवशी सकाळची मिस्सा संपली की पॅरिश ऑफिसात, म्हणजे चर्चच्या कचेरीत जा, नाव सांगा आणि विचारा, “फादर, आत फोटो काढले तर चालतील का? भिंतीवरचं लिखाण उतरवून घ्यायचंय.” हे दुसरं वाक्य महत्त्वाचं. रील बनवायला येणाऱ्यांचा सगळ्यांनाच वीट आलाय. लिखाण म्हटलं की बरेचदा फादरच किल्ल्या घेऊन पुढे चालू लागतात. खांदे झाकलेले असावेत. वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. आत एक छोटा दिवा सतत तेवत असतो, त्याच्याशेजारच्या पेटीला हात लावायचा नाही. पवित्र भाकर तिथे ठेवलेली असते.

बाहेरून काढताना दिशा तपासा. वेदी पूर्वेला आणि दर्शनी दार पश्चिमेला ही चर्चची जुनी रीत. ती पाळलेली असेल तर दर्शनी भिंतीवर दुपारनंतरच ऊन येतं, सकाळी तिचा फोटो मळकट निघतो. जागेअभावी कित्येकदा रीत मोडलेली असते, म्हणून फोनमधलं होकायंत्र बघून वहीत बाण काढा. वाइड लेन्स बंद. जमेल तेवढं मागे सरा, दोन पट झूम लावा, फोन काटकोनात सरळ धरा. मागे सरायला जागा नसेल, आणि ठाण्यात ती नसतेच, तर भिंतीचे तुकड्या-तुकड्यांनी सरळ फोटो घ्या. मग बाजूंकडे आणि मागे जा. पुढचा भाग दर पिढीत रंगवला जातो, मागची भिंत कुणी बघत नाही. तिथे बुजवलेलं दार, वेगळ्या जातीचा दगड, गिलावा पडून उघडा पडलेला चुना असं काहीबाही सापडतं. खिडकीच्या खोबणीत हात ठेवून एक फोटो काढाच, भिंतीची जाडी त्यातून कळते. नव्या भिंतीत वीतभर खोल खोबण नसते.

आता खरं काम, शिलालेख. झिजलेली अक्षरं समोरच्या उजेडात दिसत नाहीत, त्यांना तिरका उजेड लागतो. बाहेरच्या दगडासाठी सकाळी लवकर किंवा ऊन उतरताना जा. आत असाल तर सोबत्याला टॉर्च घेऊन दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूला धरायला सांगा, आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. डावीकडून गायब झालेलं अक्षर वरून उजेड टाकल्यावर उभं राहतं. फ्लॅश मारलात तर अक्षरं सपाट झालीच म्हणून समजा. खडू, पीठ, हळद, तेल यांपैकी काहीही दगडावर चोळायचं नाही, मग कुणी कितीही “असंच करतात” म्हणालं तरी. दहा रुपयांचं नाणं कडेला ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, म्हणून अक्षरांचं माप नंतर काढता येतं.

पोर्तुगीज दगड वाचताना पहिली अडचण अक्षरांचीच येते. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ आणि ‘जे’च्या जागी ‘आय’ कोरलेला असतो, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. सुरुवातीला एक्यूव्हीआय आणि मग आयएझेड दिसलं तर घाबरू नका, “इथे विसावला आहे” एवढाच त्याचा अर्थ. लेख नसेल तर खुणा बघा, कुठल्या साधुसंघाचं चर्च ते त्यांवरून कळतं. क्रुसापुढे एकमेकींवर आडवे आलेले दोन हात ही फ्रान्सिस्कनांची खूण. सूर्यकिरणांत आयएचएस ही तीन अक्षरं जेझुइटांनी फार वापरली. बाणाने वेधलेलं हृदय ऑगस्टिनियनांचं.

इंग्रजी संगमरवरी पाट्या वाचायला सोप्या, पण त्यांचंही एक दुखणं आहे. पुष्कळ पाट्यांत अक्षरं शिशाची बसवलेली असतात आणि ती गळतात. उरतात फक्त बारीक भोकं. तीसुद्धा फोटोत घ्या, भोकांच्या रचनेवरून अक्षर ओळखता येतं. एचईआयसी दिसलं तर माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा. वयाचे आकडे लागोपाठ उतरवून काढा. विशी-तिशीतली माणसं इतकी का गेली, हा प्रश्न मग आपोआप पडतो, आणि गॅझेटियरमधली, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथातली, पटकी-तापाची पानं उघडावीशी वाटतात.

आतल्या लाकडी मूर्ती बहुधा काचेआड असतात. माझा लग्नातला उपाय सांगते: काळी ओढणी लेन्सभोवती धरून लेन्स काचेला टेकवायची, ट्यूबलाइटची चमक जाते.

प्रत्येक गोष्टीचे तीन फोटो: लांबून, मध्यातून, जवळून. नुसता जवळचा फोटो घरी गेल्यावर अनाथ होतो. वहीत चर्चचा ओबडधोबड नकाशा काढून ‘उत्तर भिंत, दुसरी खिडकी, खाली’ असं लिहा. अलीकडच्या कबरींचे फोटो काढू नका, त्यांची माणसं अजून फुलं घेऊन येतात.

मग माणसं. मिस्सेनंतर बाकावर बसून राहिलेल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या, मावशीपाशी बसा. तिला ‘चर्च कधी बांधलं’ असं विचारू नका, त्याचं उत्तर पत्रकात छापलेलं असतं. ‘आगेऱ्याला भाताच्या लोंब्या कुठल्या शेतातून यायच्या’ हे विचारा; आगेरा म्हणजे त्यांचा सुगीचा सण. ‘तुमच्या लग्नात उंबराचं पाणी कुठल्या विहिरीचं होतं’ हे विचारा; लग्नाच्या विधीसाठी विहिरीवरून आणतात ते हे पाणी. आज टॉवर उभे असलेल्या शेतांची आणि बुजवलेल्या विहिरींची नावं अशी मिळतात. ती कुठल्याच शिलालेखावर नसतात.

कागदांसाठी ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरचा चौदावा खंड बघा, १८८२ चा. त्यात गावागावांची माहिती आहे आणि राज्य सरकारच्या संकेतस्थळावर तो वाचता येतो. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे, तिथेही स्थानिक इतिहासाची चौकशी करा. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्या मागताना जपून. त्या घराघरांच्या खासगी गोष्टी आहेत, फादर नाही म्हणाले तर वाद घालायचा नाही. १९२८ पर्यंत मुंबई भागात कॅथलिकांवर दुहेरी सत्ता होती, पोर्तुगिजांच्या पाद्रोआदोची (पोर्तुगालच्या राजसत्तेला चर्चवर मिळालेल्या हक्काची) आणि थेट रोमची, म्हणजे पोपची. त्यामुळे त्याआधीचं कुटुंब एका वहीत सापडलं नाही तर शेजारच्या पॅरिशमध्येही विचारा. घंटा जागेवर नसेल तर देवळांत शोधा. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ साल आहे, वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७.

ठाणं झालं की भाईंदर पश्चिमेहून बस पकडून डोंगरी, उत्तन करा. ती गावं अजून गावांसारखी आहेत, रस्त्याकडेचे क्रूससुद्धा मोजून घेण्यासारखे. दुपारी चर्च बंद असतं, म्हणून पहिली बस बरी.

काढलेले फोटो त्या चर्चला परत द्या. पेनड्राइव्ह ऑफिसच्या खणात हरवतो, म्हणून निवडक फोटो मॅट कागदावर छापा आणि मागे पेन्सिलीने तारीख, भिंत आणि वाचलेला मजकूर लिहा. बॉलपेन नको, त्याची शाई पुढच्या बाजूला उमटते.