टर्बो डिझेलसाठी परफॉर्मन्स कॅमशाफ्टची तुलना कशी करावी

डॉज रॅम पिकअपमध्ये 1989 ते 2007 या काळात बसलेलं कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडर इंजिन म्हणजे अमेरिकेतल्या हौशी मेकॅनिकांचं लाडकं खेळणं. (हेच बी-सिरीज इंजिन टाटांच्या ट्रकमध्येही आलं, त्यामुळे आपल्याकडच्या मेस्त्रींनाही ते परकं नाही.) त्याच्यासाठी कॅम (कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा फिरता दांडा) ढीगभर मिळतात, आणि पेट्रोल गाडीच्या सवयीने माणूस सगळ्यांत मोठा आकडा बघून पैसे मोजतो. डिझेलमध्ये हे अंगलट येतं.

आधी प्रत्येक कॅमचं स्पेक कार्ड, म्हणजे त्याच्या सगळ्या मापांचा कागद, मागवा. देत नसतील तर तो कॅम यादीतून बाद.

मग आकडे एकाच मापावर आणा. ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकचे किती अंश उघडा राहतो ते. पण एक कंपनी टॅपेट (लोबवर, म्हणजे कॅमच्या उंचवट्यावर, टेकून वरखाली होणारा तुकडा) 0.15 मिमी उचलला की मोजू लागते, दुसरी 1.27 मिमीला. लोब तोच असला तरी पहिल्या मोजणीत आकडा बराच फुगतो. तुलना 1.27 वरच करा. लिफ्ट, म्हणजे उचल, लोबची दिलीय की व्हॉल्व्हची, तेही बघा: 7 मिमीच्या लोबला 1.6 पट उचलणारा रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) असेल तर व्हॉल्व्ह 11.2 मिमी उघडतो.

आता खरी मेख: इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह बंद कधी होतो? गणित सोपं आहे. सेंटरलाइनमध्ये (पिस्टन वरच्या टोकाला असल्यापासून किती अंशांवर इनटेक व्हॉल्व्ह सगळ्यांत जास्त उघडतो, त्या आकड्यात) निम्मं ड्युरेशन मिळवा, 180 वजा करा. समजा दोन्ही कॅमची सेंटरलाइन 108 आहे. 190 अंशांचा कॅम पिस्टन तळाला पोचल्यावर 23 अंशांनी बंद होतो, 206 चा 31 अंशांनी. डिझेलला प्लगची ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच सगळा कारभार. बंद व्हायला उशीर झाला की टर्बो जागा होण्याआधी थोडी हवा परत ढकलली जाते. गारठ्याच्या सकाळी स्टार्टर रखडतो, पांढरा धूर येतो, खालच्या आरपीएमला जोर नसतो.

ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह एकदम उघडे राहतात तो काळ, तोही तपासा. कंपनीचा लहान टर्बो असेल तर भार पडल्यावर टर्बोच्या टर्बाइनआधीचा धुराचा दाब बऱ्याचदा बूस्टपेक्षा (टर्बोने आत ढकललेल्या हवेच्या दाबापेक्षा) जास्त असतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहिले तर जळका वायू उलटा इनटेककडे येतो. म्हणून ट्रेलर ओढणाऱ्याने कमी ड्युरेशन आणि रुंद लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधलं कोनाचं अंतर) घ्यावं. मोठा कॅम मोठ्या टर्बोवर, वरच्या आरपीएमला, स्पर्धेत शोभतो.

लिफ्ट वाढली तर व्हॉल्व्हचे स्प्रिंगही बदलावे लागतील. तो खर्च तुलनेतच धरा.

बसवण्याआधी पिस्टनच्या डोक्यावर मातीची गोळी चिकटवा, व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावा, हेड तात्पुरतं कसा, टायमिंग जुळवा आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. हेड काढून माती ब्लेडने कापा आणि जिथे सगळ्यांत पातळ आहे तिथे मोजा. कॅम बनवणाऱ्याने सांगितलेल्या किमान मापापेक्षा कमी भरली तर तो कॅम परत. डिझेलचा पिस्टन हेडला जवळजवळ टेकतो, इथे अंदाज चालत नाही.

या इंजिनातले टॅपेट छत्रीसारखे असतात, वरून निघत नाहीत. पुशरॉडच्या (टॅपेटपासून रॉकरपर्यंत जाणाऱ्या काडीच्या) भोकांतून लाकडी दांड्या घट्ट ठोकून ते वर उचलून धरायचे आणि रबर बँडने बांधायचे, मग कॅम पुढून ओढायचा. एक जरी सुटला तर तेलाचं पॅन उतरवा.

आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीत हे करणार असाल तर आधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं.

छत्रीसारख्या या टॅपेटचा लोबवर घासणारा तळ सपाट असतो, म्हणून नव्या कॅमवर इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलला सोडू नका. लोबवर तेल उडतं ते क्रँकच्या वेगाने, म्हणून 20 ते 30 मिनिटं 1500 ते 2000 आरपीएमवर ठेवा.