आर्थिक गुन्ह्यात नाव आलंय? पहिल्या आठवड्यात या चुका टाळा

कोर्ट सुटल्यावर एका संध्याकाळी एका पतसंस्थेचे रोखपाल माझ्या वकिलीच्या ऑफिसात आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोबत थोरला मुलगा, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत संस्थेची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही. ऑडिटमध्ये तूट निघाली होती, लेखापरीक्षकाने पोलिसांत फिर्याद दिली होती आणि त्यात अध्यक्ष, व्यवस्थापक यांच्यासोबत यांचंही नाव होतं. मी वही उघडली. तीन वर्षांच्या नोंदी एकाच निळ्या पेनाने, एकसारख्या अक्षरात लिहिलेल्या. कुठे शाई बदललेली नाही, खाडाखोड नाही, बोटांचे डाग नाहीत. नव्या वहीची पानं असतात तशी काही पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

“ही कधी लिहिली?”

“चार रात्री बसलो जी. जुनी वही फार खराब दिसत होती.”

जुनी कुठे आहे, तर मुलगा म्हणाला, बंबात घातली. त्या जुन्या वहीत मोठ्या रकमेच्या प्रत्येक उचलीसमोर अध्यक्षांची छोटी सही होती, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. पैसे कोणाच्या हुकमाने गेले ते दाखवणारा एकमेव कागद त्यांनी स्वतः जाळला होता. अफरातफरीच्या आरोपाला उत्तर देता आलं असतं. आता त्याच्या जोडीला पुरावा नष्ट केल्याचा आणि खोटे हिशेब तयार केल्याचा आरोप आला, तोही त्यांच्याच हस्ताक्षरात.

नागपुरात अशी बरीच माणसं मी पाहिली आहेत: पतसंस्थांचे कर्मचारी, दैनिक बचतीचे एजंट, कळमना बाजारातले मुनीम, नावापुरते केलेले संचालक. मूळ व्यवहारापेक्षा पहिल्या सात-आठ दिवसांत घाबरून केलेल्या गोष्टींनी त्यांचं जास्त नुकसान झालं. म्हणून हे लिहितो आहे.

कागद “नीट” करणं

वही जशी आहे तशी राहू द्या. चुकीची नोंद, कोरी जागा, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, सगळं तसंच. संगणकावरचे हिशेबही तसेच. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून नोंदीतला प्रत्येक बदल तारखेसह जपणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे, त्यामुळे रात्री दोन वाजता बदललेली नोंद रात्री दोनचीच दिसते. फोनमधले व्हॉट्सअॅप संदेश पुसूनही उपयोग नाही. समोरच्याच्या फोनमध्ये ते बहुधा असतात, आणि तुमच्या फोनमध्ये पुसल्याची खूण उरू शकते.

काय करायचं? जे तुमच्या ताब्यात कायदेशीरपणे आहे त्याची झेरॉक्स काढा, यादी करा, मूळ कागद वकिलांच्या सल्ल्याने सांभाळून ठेवा. पोलिसांनी मागितले तर पोच घेऊनच द्या. झडती झाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे तिचं दृकश्राव्य चित्रीकरण व्हायला हवं. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो शब्दन् शब्द वाचा. जप्त वस्तूंच्या यादीत “एक रजिस्टर” एवढंच लिहिलं असेल, तर किती पानांचं, कोणत्या वर्षाचं, ते लिहायला सांगा.

आणि हे कागद वर्षानुवर्षं जपावे लागतात. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे प्रकरणात गुन्हा २००२ चा, निकाल डिसेंबर २०२३ चा. त्यात काही जण दोषी ठरले, काही निर्दोष सुटले. एकवीस वर्षांनी तुमच्या बाजूने बोलायला कागदाशिवाय कोण असतं?

सेठजींनीच वकील दिला आहे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती भल्या माणसांच्या हातून होते. गुन्हा दाखल होतो, मालक किंवा अध्यक्ष म्हणतात, “तू काळजी करू नको, आपला वकील आहे, फी मी भरतो.” माणूस कृतज्ञ होतो, वकीलपत्रावर सही करतो आणि निर्धास्त होतो. त्याचा बचाव असा असतो की मी सांगितलं तिथं सही केली. अध्यक्षांचा बचाव असा असतो की कर्मचाऱ्याने परस्पर केलं. एकच वकील एकाच न्यायाधीशासमोर हे दोन्ही कसं मांडणार? मांडत नाहीच. ज्याची फी, त्याची बाजू मांडली जाते, आणि रोखपालाने कधी तोंडच उघडलं नाही हे दोषारोपपत्र आल्यावर लक्षात येतं.

हितसंबंध वेगळे असतील तर वकील वेगळा घ्या. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मोफत मिळालेला वकील कमी दर्जाचा असतो, हा समज मनातून काढा.

मग स्वतःच्या भूमिकेचे कागद गोळा करा: नेमणूक पत्र, कामाची वाटणी दाखवणारा आदेश, संचालक मंडळाचे ठराव, पगाराच्या पावत्या, रजेचे अर्ज, स्वतःच्या बँक खात्याचे उतारे. पगाराशिवाय एक रुपयाही खात्यात आलेला नाही, किंवा ज्या दिवशी रक्कम उचलली त्या दिवशी तुम्ही मुलीच्या लग्नाच्या रजेवर होता, यासारखी गोष्ट जामिनाच्या वेळी लांबलचक युक्तिवादापेक्षा जास्त उपयोगी पडते.

सहकारी संस्थांच्या बाबतीत एक पेच नेहमी येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरवण्याची कारवाई फौजदारी गुन्ह्यासोबतच चालू असते. “ते तर ऑफिसचं काम आहे” म्हणून लोक तिथं वकिलाला न विचारता खुलासा लिहून देतात. तोच खुलासा पुढे फौजदारी खटल्यात समोर येतो. दोन्हीकडची उत्तरं एकाच वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या.

नोटीस कोणती, हे न बघता धावणं

“साहेबांना भेटतो, समजावून सांगतो” म्हणून एकटं जाऊ नका आणि नोटीस गादीखाली दडवूनही ठेवू नका. आधी कागदावरचं कलम वाचा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ ची नोटीस साक्षीदाराला असते. कलम ९४ ची कागदपत्रं हजर करण्यासाठी. कलम ३५(३) ची नोटीस म्हणजे तुमच्यावर संशय आहे, पण तूर्त अटकेची गरज वाटलेली नाही. ती पाळली, तर लेखी कारणं नोंदवल्याशिवाय त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. पाळली नाही, तर तेच अटकेचं कारण ठरू शकतं. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. तरीही तशी आली तर दुर्लक्ष करू नका, वकिलामार्फत लेखी उत्तर द्या.

पोलिसांसमोरचा जबाब आणि ईडीसमोरचा जबाब यात मोठा फरक आहे. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब तुमच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ५० खाली दिलेल्या जबाबावर मात्र तुमची सही असते. ईडीचे अधिकारी पोलीस नाहीत आणि हा जबाब पुराव्यात चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २७ जुलै २०२२ च्या निकालात ठरवलं. जीएसटीच्या कलम ७० च्या समन्सलाही तेवढंच गांभीर्याने घ्या. जे आठवत नाही ते “आठवत नाही, कागद बघून सांगतो” असंच लिहून द्या. अंदाजाने आकडा सांगू नका.

व्हिडिओ कॉलवर कोणी “तुम्हाला डिजिटल अटक केली आहे” म्हणाला तर फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार करा. कायद्यात अशी अटक नाही.

घाईघाईत चेक आणि स्टँप पेपर

ठेवीदार दारात उभे राहतात, शेजारी बघतात, आई रडते. मग माणूस शंभर-पाचशेच्या स्टँप पेपरवर “सदर रक्कम मी वापरली असून तीन महिन्यांत परत करीन” असं लिहून देतो, सोबत पुढच्या तारखांचे चेक. चेक वटले नाहीत की परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा वेगळा खटला सुरू होतो, आणि ते लिखाण कबुली म्हणून मूळ प्रकरणात येतं. तडजोड करूच नये असं नाही. फसवणुकीचा गुन्हा फिर्यादीच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो. बँकर किंवा एजंट म्हणून केलेल्या विश्वासघाताचा गुन्हा तसा मिटवता येत नाही, हे पैसे देण्याआधी कळायला हवं. आणि जामीन मिळावा म्हणून न झेपणारी रक्कम भरण्याची हमी देऊ नका. अशा हमीवर जामीन देण्याच्या पद्धतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली आहे.

घर बायकोच्या नावावर करण्याची धावपळही अंगाशी येते. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्यात ज्याच्या नावावर असं हस्तांतर झालं त्याची मालमत्ताही जप्त होऊ शकते. उलट ते घर वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून घेतलं असेल तर त्याचा पुरावा शोधण्यात वेळ घाला.

जुनं कलम, नवं कलम

नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ ला लागू झाले. व्यवहार त्याआधीचा असेल तर गुन्ह्याची कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची लागतात, पण नंतर दाखल झालेल्या गुन्ह्याची कार्यपद्धती नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं अटकपूर्व जामिनाचं कलम ४३८ आता ४८२ झालं. गुन्हा रद्द करण्याचं जुनं ४८२ आता ५२८ झालं. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात हा घोळ हमखास असतो. अटकपूर्व जामिनासाठी साधारणपणे आधी सत्र न्यायालयात जायचं, तिथं नाकारला तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात. गुन्हा रद्द करण्याची मागणी मात्र खंडपीठातच करावी लागते.

अटक झालीच तर

घरच्यांनी रडत ठाण्याबाहेर उभं राहण्याऐवजी तीन कामं वाटून घ्यावीत. एकाने अटकेची लेखी कारणं मागावीत आणि त्या कागदावरची वेळ टिपून ठेवावी, कारण प्रवास वगळून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं बंधनकारक आहे. दुसऱ्याने औषधं आणि आजाराचे कागद न्यावेत. मधुमेह, रक्तदाब जे असेल ते वैद्यकीय तपासणीत लिहून घ्यायला लावावं. तिसऱ्याने वकीलपत्र घेऊन जावं.

आणि पहिल्या रिमांडची (कोर्टाने कोठडी दिली त्या दिवसाची) तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. त्या दिवसापासून ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क बनतो. जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या कलमांत ही मुदत ९० दिवसांची आहे. अर्ज मात्र दोषारोपपत्र दाखल होण्याआधी करावा लागतो. मुदत संपते त्याच दिवशी सकाळी वकिलांना फोन करा, आणि अर्ज आदल्या रात्रीच टाइप करून तयार ठेवा.