नव्या गाडीत वाळू येऊ द्यायची नसेल तर

वाळवंटातल्या पायवाटांवर चालून आलं की प्रत्येकाच्या बुटातून मूठभर वाळू गाडीत येते आणि सीटच्या रुळांत जाऊन बसते. तिथून ती काढणं म्हणजे शिक्षाच.

१. डिकीत कायम तीन वस्तू ठेवा: जुनी चादर, पसरट टब आणि रंगकामाचा कोरडा ब्रश.
२. परत आल्यावर आधी सीटवर आडवं बसायचं, पाय बाहेर. बूट टबात काढायचे, मोजे उलटे करून झटकायचे. मोज्यांच्या शिवणीतही बरीच वाळू निघते!
३. पायांवरची वाळू ब्रशने झाडा. ओलं फडकं नको, त्याने ती चिकटते. मग चपला घालून पाय आत.
४. सॅका चादरीत गुंडाळून डिकीत. घरी चादर बाहेरच झटका.

मुलं कंटाळतात, पण दोन मिनिटांचं काम आहे.

एक मात्र सांभाळा: काचेवर धूळ साचली म्हणून कोरडा वायपर फिरवू नका, काचेवर ओरखडे पडतात. आधी भरपूर पाणी मारा. बोनेटवरही कोरडं फडकं नकोच.