विषाणूला जिवाणू समजून औषध घेताय? या चुका टाळा

सर्दी-तापाची साथ आली की दवाखान्यात दिवसभर एकच मागणी असते: "डॉक्टर, एखादं स्ट्राँग अँटिबायोटिक द्या, लवकर बरं वाटेल." विषाणूच्या आजारात त्याने बरं वाटणार नाही. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जिवाणूला त्याची पेशीभित्तिका नीट बांधू देत नाहीत. विषाणूला पेशीभित्तिकाच नसते. काही अँटिबायोटिक्स जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर, काम करतात, तेही विषाणूकडे नसतात. डीएनए किंवा आरएनए आणि त्याभोवती प्रथिनांचं कवच, एवढाच त्याचा संसार. पेशीत शिरल्यावर तो तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो.

उगाच घेतलेली गोळी निरुपद्रवीही नसते. माझ्याकडे एक सतरा वर्षांचा मुलगा आला होता. ताप, सुजलेला घसा, मानेला गाठी. घरच्यांनी कपाटात उरलेलं अमॉक्सिसिलिन परस्पर सुरू केलेलं. काही दिवसांत छातीपासून मांड्यांपर्यंत लालभडक पुरळ. दुसरीकडे दाखवलं तेव्हा फाइलवर लाल शाईने लिहिलं गेलं: पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. मी रक्त तपासून घेतलं, तर निघाला एपस्टाइन-बार विषाणू. या आजारात अमॉक्सिसिलिन घेतलं की असं पुरळ अनेकांना येतं आणि बहुतेक वेळा ती खरी अ‍ॅलर्जी नसते. मुलगा बरा झाला. फाइलवरची ती ओळ मला दिसली होती. पुढे अ‍ॅलर्जीची तपासणी करून ती खोडायला हवी होती, पण राहून गेलं. काही वर्षांनी त्याला न्यूमोनिया झाला, तोही जिवाणूचा, आणि नेमकं तेव्हा त्या ओळीमुळे साधं, हमखास लागू पडणारं औषध त्याला मिळालं नाही. तेव्हापासून कुणी "मला पेनिसिलिन चालत नाही" म्हणालं की मी आधी विचारतो: तेव्हा आजार कोणता होता? आणि उरलेल्या गोळ्या घरात ठेवूच नका. त्यांचा मला मनापासून राग आहे.

कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणू आले, असं नाही. तो रंग लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमुळेही येतो.

सॅनिटायझर चोळला की झालं, हाही असाच आडमार्ग. फ्लूच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, अल्कोहोलने ते फाटतं आणि विषाणू निकामी होतो. उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसला ते आवरणच नसतं, त्यामुळे अल्कोहोलला तो फारसा दाद देत नाही. तिथे साबण लावून, बोटांच्या बेचक्या घासून, वाहत्या पाण्याखाली तो हातावरून धुऊनच काढावा लागतो. किमान २० सेकंद. मी दोन रुग्णांच्या मधे हात धुतो तेव्हा मनात वीस आकडे मोजतो, आजही.

ताप उतरला म्हणजे आजार गेला, हे डेंग्यूत धरून चालू नका. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका नेमका ताप उतरण्याच्या सुमारास असतो. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा, यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही प्रमाणात.

सर्दीला दोन दिवस धीर न धरणारी माणसं कुत्रा चावल्यावर मात्र "बघू, काही झालं तर जाऊ" म्हणतात, तेव्हा माझा जीव कासावीस होतो. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेवरून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो. लस कामाला येते ती तो तिथे पोचायच्या आधी. लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. जखम लहान असो वा मोठी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. जखमेतून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दलही, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांबद्दलही, तिथेच विचारा.