आभाळ भरलंय, तोवर खताची पुडी मिटलेलीच ठेवा

मृगाचा पाऊस लागला की गच्चीतल्या आणि गॅलरीतल्या कुंड्यांना मूठभर युरिया टाकायची घाई होते. कृपया थांबा. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं आणि तो पाण्यात चटकन विरघळतो. मुंबईच्या एका जोरदार सरीत मुळांना मिळायच्या आतच तो कुंडीच्या भोकातून निघून पन्हळीतून गटारात जातो. पावसाच्या पाण्याची आपली गटारं मलवाहिन्यांपेक्षा वेगळी आहेत. त्यांतलं पाणी शुद्ध न होताच मिठी, पोयसर, दहिसर नदीत आणि तिथून खाडीत पोचतं. पवई तलावात जलपर्णी माजते ती नत्र आणि स्फुरदावरच (फॉस्फरस). त्यात मोठा वाटा सांडपाण्याचा, हे खरं, पण आपल्या मुठीतलं खत तरी आपल्याला आवरता येतं.

डीएपी या दाणेदार खतातलं स्फुरद मातीला धरून राहतं आणि माती वाहिली की तिच्यासोबत जातं. म्हणून कुंडीची वरची दोन बोटं जागा रिकामी सोडा, मातीवर सुका पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसरा. खत म्हणून मूठभर गांडूळखत पुरे. अगदीच गरज वाटली तर दोन दिवस उघडीप बघून १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं नत्र-स्फुरद-पालाशचं खत लिटरला २ ग्रॅम द्या. रेल्वेच्या रुळांलगत किंवा आरे कॉलनीत पालक, माठ लावणाऱ्यांनी नाल्याच्या कडेला गवताचा पट्टा राखावा.

कीटकनाशकाचं मात्र मला जास्त भय वाटतं. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण किंवा भेंडीवर मावा दिसला की लोक सायपरमेथ्रिन मारतात. ते माशांना आणि कोळंबीला अगदी थोड्या प्रमाणातही मारक आहे. खाडीच्या चिखलातले निवटे आणि खेकडे आपल्या कोळीवाड्यांच्या ताटातले आहेत, हे विसरू नका. आधी पाण्याच्या जोरदार धारेनं कीड पाडा, फांदी छाटा, मग लिटरला ५ मिली द्रवसाबण फवारा. तरीही हटली नाही तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून. हा अर्कही उरला तर गटारात ओतायचा नाही. जलचरांना तोही सोसत नाही.

रासायनिक औषध वापरावंच लागलं तर डब्यावरचा विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण बघा, लाल आणि पिवळा घरात नकोच. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच घ्या आणि त्याच झाडांवर फवारा. पंप मोरीत किंवा नाल्यावर धुऊ नका.